राजगडाच्या पायथ्याचा तांदूळ आणि इतिहास मंडळाचं टेबल : शेती जत्रेत दोघांनी मिळून स्टॉल कसा लावायचा?



पाली दरवाजाची वाट राजगडावर जाणाऱ्या वाटांमध्ये सोपी मानली जाते. बऱ्याच ठिकाणी पायऱ्या आहेत, वाट रुंद आहे. त्यामुळे शनिवार-रविवारी वेल्हे तालुक्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पायथ्याच्या गावांमध्ये गाड्यांची रांग लागते. पुण्या-मुंबईची मंडळी गड चढतात, उतरतात, चहा-भजी खातात आणि घरी जातात. जाताना दोन्ही बाजूंना भाताची खाचरं असतात. त्या खाचरातला तांदूळ मात्र ते घेत नाहीत. तोच माणूस सोमवारी शहरातल्या मॉलमधून कुठला तरी पॉलिश केलेला तांदूळ पिशवीत टाकतो.

तांदूळ वाईट आहे म्हणून असं होतं का? नाही. हा तांदूळ कुठला आहे, कुणी पिकवला, यात वेगळं काय आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि जिथे हे सांगायची सगळ्यात चांगली संधी असते, त्या शेती जत्रेत आपण टेबलावर पिशव्या मांडतो, मागे खुर्ची टाकून बसतो आणि गिऱ्हाइकाची वाट बघतो.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. गावोगावी आता इतिहासप्रेमी मंडळं आहेत. कुणी गडाची साफसफाई करतं, कुणी जुन्या कागदांचे फोटो काढतं, कुणी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून ठेवतं. असं मंडळ आणि गावातला शेतकरी गट किंवा महिला बचत गट यांनी मिळून जत्रेत एक स्टॉल घेतला तर धंद्याला काय फायदा होतो? आणि त्यात खड्डे कुठे आहेत? पाली गाव डोळ्यांसमोर ठेवून सगळं समजून घेऊ.

शेती जत्रेत इतिहासाचं काय काम?

जत्रेतलं गिऱ्हाईक कसं चालतं ते आठवा. एका ओळीत दहा स्टॉल तांदळाचे. दहाही ठिकाणी पाटी तीच : सेंद्रिय, गावरान, अस्सल. गिऱ्हाईक गोंधळतं, मग एकच प्रश्न विचारतं, "कसा दिला?" एकदा हा प्रश्न पहिला आला की तुम्ही भावाच्या शर्यतीत उतरलात. तिथे लहान माणूस हरतो, कारण मोठा व्यापारी किलोमागे पाच रुपये कमी करू शकतो.

ही शर्यत टाळायची तर पहिला प्रश्न बदलायला हवा. गिऱ्हाइकाने "कसा दिला?" याच्या आधी "हे काय आहे?" असं विचारलं पाहिजे. इतिहास मंडळाचं टेबल नेमकं हेच काम करतं. माणूस थांबतो, बघतो, बोलतो. दोन मिनिटं थांबलेल्या माणसाशी विक्रीचं बोलणं सोपं जातं.

पुण्यात दरवर्षी भरणारी भीमथडी जत्रा बघा. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने सुरू केलेली ही जत्रा बचत गट आणि शेतकऱ्यांच्या मालासाठी ओळखली जाते. तिचं नावच इतिहासातून आलंय. भीमथडी म्हणजे भीमा नदीचा काठ. तिथली तट्टं मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. ब्रिटिश काळात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाही होता. "कृषी उत्पादन विक्री मेळावा" असं नाव दिलं असतं तर ते इतकं लक्षात राहिलं असतं का? इंग्लंड-अमेरिकेतही गावच्या शेती मेळ्यात स्थानिक इतिहास मंडळाचा तंबू असणं ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे जुनी अवजारं चालवून दाखवतात आणि गर्दी तिथेच जमते.

पालीकडे सांगण्यासारखं काय आहे?

भरपूर आहे. फक्त निवड नीट करायची.

गडाची ओळख दोन वाक्यांत द्या. राजधानी रायगडावर जाण्याआधी दोन दशकांहून जास्त काळ स्वराज्याचा कारभार राजगडावरून चालला. छत्रपती राजारामांचा जन्म इथेच, २४ फेब्रुवारी १६७० रोजी झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात राजगड आहे. आणि गडाच्या एका दरवाजाला तुमच्या गावाचं नाव आहे : पाली दरवाजा. एवढं पुरे.

कारण ही शेती जत्रा आहे. इथे लढाया सांगत बसू नका, त्या लोकांना पाठ असतात. शेतीचा इतिहास सांगा, तो फार कमी लोकांना माहीत असतो. तीन गोष्टी देतो :

१. जमीन मोजायची काठी. शिवकाळातल्या जमीन मोजणीचं वर्णन सभासद बखरीत आहे. काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा. १२० बिघ्यांचा एक चावर.

२. बिनव्याजी भांडवल. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पत्र पाठवलं. ज्या शेतकऱ्याकडे बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसा द्यावा, पोटाला आणि बियाण्याला धान्य द्यावं, आणि वसुली करताना वाढीदिढी न लावता फक्त मुद्दल, तीही त्याला झेपेल तशी घ्यावी, असा त्या पत्राचा आशय आहे. धंदा करणाऱ्या माणसाला हे पत्र लगेच कळतं. खेळतं भांडवल म्हणजे काय ते तो रोज भोगत असतो.

३. झाडांची काळजी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा-फणसाला हात लावू नये असं बजावलंय. कारण रयतेने ती झाडं पोटच्या लेकरासारखी वाढवलेली असतात.

यातली प्रत्येक गोष्ट छापील पुस्तकात सापडते, म्हणजे कुणी विचारलं तर पान काढून दाखवता येतं. इतिहास मंडळाने स्टॉलवर आणायचा खरा माल म्हणजे हा पुरावा.

एक खोटी ओळ सगळं बुडवते

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. इतिहास जोडला की माल खपतो हे कळलं की लगेच हात शिवशिवतात. पिशवीवर छापलं जातं, "शिवकालीन इंद्रायणी तांदूळ".

थांबा. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालं. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ते तयार झालं. त्याला शिवकालीन म्हणणं म्हणजे थापच. जत्रेत कृषी महाविद्यालयाचा एखादा विद्यार्थी चारचौघांत हे बोलला तर? तांदूळ चांगला असूनही त्या दिवशी तुमचं तोंड बंद. आणि शेजारच्या टेबलावर खरा इतिहास सांगणारं मंडळही त्याच खोट्यात मोजलं जातं. त्यांनी दहा वर्षं कमावलेली पत एका पिशवीपायी जाते.

गंमत बघा, इंद्रायणीची खरी गोष्टही विकण्यासारखी आहे. मावळातल्याच संशोधन केंद्रात जन्मलेलं वाण, आंबेमोहोराचा वास घेऊन आलेलं आणि उत्पन्नाला बरं. मग पिशवीवर "राजगडाच्या पायथ्याला पिकलेला इंद्रायणी" एवढंच लिहा. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. राजगडाचा परिसर जुन्या कागदांत गुंजण मावळ म्हणून येतो. तुमचं गाव बारा मावळांपैकी नेमकं कोणत्या मावळात होतं ते मंडळाने कागद बघून सांगावं, मग ते नावही पिशवीवर घेता येईल. असं नाव मॉलच्या तांदळाकडे नसतं.

मंडळासोबत बसून प्रत्येक वाक्य तीन गठ्ठ्यांत टाका :

- कागदात आहे. हे ठामपणे लिहा. उदाहरण : राजारामांचा जन्म राजगडावर झाला.
- परंपरेने मानतात. हे लिहा, पण "मानली जाते" हे शब्द ठेवा. उदाहरण : पद्मावती माचीवर देवीच्या मंदिरासमोरची समाधी सईबाईंची मानली जाते.
- आपल्याला आवडतं, पण आधार नाही. हे लेबलवर नको, बॅनरवर नको आणि तोंडीही नको.

कायद्याच्या चार गोष्टी

इथे बरेच नवे उद्योजक अडकतात, म्हणून नीट वाचा.

पहिली : छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र व्यापारासाठी सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. १९५० चा बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत महाराजांचं नाव आहे. म्हणजे तांदळाच्या पिशवीवर महाराजांचं चित्र नको, ब्रँडला महाराजांचं नाव नको. मंडळाच्या माहितीफलकावर इतिहास सांगणं वेगळं आणि मालावर नाव छापणं वेगळं. म्हणून दोन्ही टेबलं वेगळी ठेवायची.

दुसरी : युनेस्कोचं आणि जागतिक वारशाचं चिन्ह विक्रीच्या मालावर परवानगीशिवाय लावू नका. "राजगड जागतिक वारसा यादीत आहे" ही माहिती तोंडी सांगा किंवा फलकावर लिहा.

तिसरी : आंबेमोहोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाचा शिक्का वापरायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. शेजाऱ्याने केली म्हणून तुम्हाला चालत नाही.

चौथी : पिशवी बंद करून विकत असाल तर त्यावर मालाचं नाव, निव्वळ वजन, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, पॅकिंगचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर हवा. खाद्यपदार्थासाठी एफएसएसएआयची नोंदणी हवी. वजनकाटा वैधमापन विभागाने मुद्रांकित केलेला हवा. जीएसटी तुम्हाला लागतो की नाही ते आधीच सीएला विचारून घ्या. जत्रेच्या आदल्या रात्री नको.

स्टॉलची मांडणी

समजा दहा बाय दहाची जागा मिळाली. पुढच्या कोपऱ्यात इतिहासाचं टेबल, त्याला लागून चव-वासाचं टेबल, शेवटी विक्री आणि पैसे. माणूस याच क्रमाने फिरला पाहिजे.

*इतिहासाचं टेबल.* इथे वाचायच्या वस्तू कमी आणि हाताळायच्या जास्त ठेवा. एक लांब बांबू ठेवा आणि लोकांना सांगा, "तुमच्या हाताने पाच हात पाच मुठी मोजा, खूण करा." पाच जणांच्या पाच खुणा पडतील. मग विचारा, "आता यातली खरी काठी कोणती?" हात माणसागणिक बदलतो, म्हणूनच राज्याला एक ठरलेली काठी लागते, हे लहान पोरालाही कळतं. बाजूला पायली, अधोली, शेर ही मापं ठेवा. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली. प्रदेशाप्रमाणे शेराचं माप कमी-जास्त असायचं हेही सांगा. आणि लगेच तुमचा मुद्रांकित काटा दाखवा : "आमचं वजन मात्र एकच." इतिहासाचं टेबल आणि विक्रीचं टेबल इथे आपोआप जोडली जातात.

*चव-वासाचं टेबल.* दोन वाट्या कच्चा तांदूळ, दोन पातेल्यांत गरम भात. एकात इंद्रायणी, एकात आंबेमोहोर. वाटीवर वाणाचं नाव आणि कोणत्या हंगामाचा माल, एवढंच लिहा. नाचणी-वरी असेल तर तीही ठेवा. वरकस जमिनीवरची ही पिकं डोंगरातल्या माणसाचं पोट होती, हे सांगायला विसरू नका.

*विक्रीचं टेबल.* एक किलो आणि पाच किलो अशा दोनच पिशव्या. क्यूआर कोड, सुटे पैसे, आणि एक वही. वहीत गिऱ्हाइकाचं नाव, फोन आणि "पुन्हा कधी लागेल?" हा रकाना. ही वही सगळ्यात महाग वस्तू आहे. का, ते पुढे हिशोबात दिसेल.

एक सूचना : गडावरून काहीही उचलून आणू नका. दगड नाही, तोफगोळा नाही, विटेचा तुकडाही नाही. राजगड संरक्षित स्मारक आहे. जुने मोडी कागदही मूळ स्वरूपात जत्रेत आणू नका. धूळ, पाणी, गर्दी, कागद एका दिवसात खराब होतो. चांगला मोठा फोटो छापून लावा. वाचन तपासायचं असेल तर पुण्यात १९१० पासून काम करणारं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथली प्रकाशनं आणि तिथले जाणकार यांचा आधार घ्या.

पैशाचं आधी बोला

मैत्रीत सुरू झालेले असे उपक्रम हिशोबावरून तुटतात. म्हणून जत्रेच्या महिनाभर आधी बसा आणि कागदावर घ्या.

एक उदाहरण करू. आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला. तीन दिवसांची जत्रा. भाडं ६,००० रुपये, गाडी ३,०००, राहणं-जेवण ३,०००, फलक-छपाई २,०००, पिशव्या २,०००. एकूण खर्च १६,०००. शेतकऱ्याला त्याच्या तांदळाची किंमत दिल्यावर किलोमागे २५ रुपये उरतात असं धरू. १६,००० भागिले २५ म्हणजे ६४० किलो. एवढा माल खपला तर खर्च निघाला. ५०० किलो खपला तर ३,५०० रुपये घाटा.

मग जत्रेला जायचंच नाही का? आता वही उघडा. तीन दिवसांत ६० कुटुंबं महिन्याला पाच किलो घ्यायला तयार झाली तर महिन्याला ३०० किलो. २५ रुपयांनी ७,५०० रुपये. पोचवायचा खर्च यातून वजा करा, तरी जत्रेतला घाटा थोड्याच दिवसांत भरून निघतो. जत्रेतली विक्री ही वरकमाई, खरा माल म्हणजे परत येणारं गिऱ्हाईक. आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या खेपेला गडावर येईल तेव्हा तुमच्या दारात गाडी थांबवेल.

आता मंडळाचा वाटा. "ते हौशी आहेत, त्यांना चहा पाजला की झालं" असं करू नका. त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेली माहिती तुमचा माल विकतेय. दोन सरळ मार्ग आहेत. एक, जाहिरात-खर्चात धरून मंडळाला ठरलेली रक्कम द्या. दोन, विकलेल्या प्रत्येक किलोमागे दोन-तीन रुपये मंडळाच्या खात्यात जमा करा आणि तसं पाटीवर लिहा. पैसे मंडळाच्या नावाने, पावती घेऊन द्या. मंडळ नोंदणीकृत संस्था असेल तर ते पैसे त्यांच्या कामासाठीच वापरायचे असतात, सभासदांत वाटून घेता येत नाहीत. मंडळाकडूनही एक शब्द घ्या : तांदूळ चांगला की वाईट यावर ते बोलणार नाहीत, आणि तुम्ही इतिहासात भर घालणार नाही. ज्याचं काम त्याने करायचं.

तयारी आवणीपासून

जत्रा हिवाळ्यात असेल तर काम पावसाळ्याआधीच सुरू होतं. राब भाजण्यापासून आवणी, कापणी, झोडणी, सगळ्याचे फोटो त्या त्या वेळी काढावे लागतात. डिसेंबरात आवणीचा फोटो मिळत नाही. याच काळात मंडळाच्या पोरांनी गावातल्या आजी-आजोबांकडे बसावं. पूर्वी कोणकोणती भातं लावायचे? उखळात कांडायला किती वेळ लागायचा? गिरणी गावात कधी आली? बाजाराला कुठल्या वाटेने जायचे? त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. फोटो आणि आवाज वापरायची परवानगी विचारून घ्या.

ही माहिती कुठल्याच पुस्तकात नाही. ती माणसं आहेत तोवरच मिळणार. गडाचा इतिहास पुढच्या वर्षीही वाचता येईल, पण ऐंशी वर्षांच्या आजीला माहीत असलेली भाताची नावं पुढच्या वर्षी विचारायला ती असेलच असं नाही. आणि तुम्ही हे सांगितलं नाहीत तर उद्या कुणी तरी बाहेरचा व्यापारी कुठलाही तांदूळ "राजगड" नावाने विकायला लागेल. त्याला अडवायला तुमच्याकडे ना नोंद असेल, ना नाव.

या आठवड्यात तीन कामं करा. गावातल्या किंवा तालुक्यातल्या इतिहास मंडळाच्या एका माणसाला भेटा. तुमच्या मालाबद्दल तुम्ही बोलता ती पाच वाक्यं कागदावर लिहा आणि तीन गठ्ठ्यांत टाका. आणि तुमच्या खर्चाला किलोमागच्या नफ्याने भागून बघा, किती किलोला खर्च निघतो तो आकडा काढा. पाली नसलं तरी चालेल. तुमच्या गावाजवळ गड नसेल, पण जुनी बारव असेल, आठवडी बाजार असेल, घाटाची वाट असेल. शेतीचा इतिहास प्रत्येक गावाला आहे. तो खरा सांगा, मापात सांगा आणि चांगल्या मालाशेजारी मांडा.